छपरीतला व्यायाम : गावपातळीवरच्या फिजिओथेरपी प्रकल्पाच्या नोंदी

३ ऑक्टोबर

उपकेंद्राच्या मागच्या खोलीत पहिली भेट. थेरपिस्ट दर पंधरा दिवसांनी येणार, मधल्या दिवसांत आशाताई घरी जाऊन पाहणार. नावं १४. गुडघेदुखीच्या बाया सर्वांत जास्त, काहींचे आखडलेले खांदे. दोघांना पायाचं हाड मोडून रॉड टाकलेला, दोघांना अर्धांगवायू, कंबरेचे तिघं आणि कोपर सुजलेला एक शाळकरी पोरगा. सोयाबीनची सोंगणी सुरू आहे, त्यामुळं दिवसा कुणी येत नाही. वेळ संध्याकाळी ६ ते ८ ठरवली. दुपारी २ ची वेळ ठेवली असती तर खोलीत फक्त थेरपिस्टच बसला असता.

पेटीतलं सामान: प्लॅस्टिकचा लांब दांड्यांचा गोनिओमीटर (कोन मोजायचा), शिंप्याचा टेप, पायाखाली ठेवायचा वजनकाटा, ३ मीटरवर गाठ मारलेली सुतळी, रक्तदाबाचं यंत्र, खडू, ४५ सेंमी उंचीचं स्टूल. स्टूल मोजूनच घेतलं. खुर्चीवरून उठून ३ मीटर चालून परत बसायला किती सेकंद लागतात, ही चाचणी दर वेळी त्याच उंचीवरून व्हायला हवी. एकदा बाजेवरून आणि एकदा खुर्चीवरून घेतली तर दोन आकड्यांची तुलना होत नाही. १२ सेकंदांच्या वर लागले की पडण्याचा धोका धरून चालायचं.

५ ऑक्टोबर

ध्येय लिहून घेण्याचा दिवस. फॉर्मवर 'तक्रार' असा रकाना आहे आणि त्यात सगळ्यांनी 'दुखते' एवढंच लिहिलं. याचा उपयोग नाही. प्रश्न बदलला: "कोणतं काम अडलं?" मग उत्तरं आली. क्र. ४ (वय ४५, मांडीचं हाड मोडून ऑगस्टअखेर रॉड टाकलेला): "मले संडासले बसता आलं पायजे अन् बंडीवर चढता आलं पायजे. बाकी तुमचं तुमी पाहा." (बंडी म्हणजे बैलगाडी.) क्र. ७ (वय ५४, मधुमेह, उजवा खांदा आखडलेला): वेणी घालता येत नाही, गाठोडं डोक्यावर चढवता येत नाही. क्र. ११ (अर्धांगवायू, डावी बाजू, वय ६२): न धरता बाजेवरून उठायचं.

ही कामं अंशांत मांडली की थेरपिस्टला पुढचा रस्ता दिसतो. खुर्चीवरून नीट उठायला गुडघा ९० ते १०० अंश वाकावा लागतो, उकिडवं बसायला १३० च्या पुढे, आणि टाच जमिनीवर टेकवायची असेल तर घोटाही चांगला वाकला पाहिजे. क्र. ४ चा गुडघा आज ४८. म्हणजे संडासाचं ध्येय लांबचं आणि बंडी जवळची. हे त्याला तसंच सांगितलं. 'सगळं होईल' असं सांगितलं असतं तर महिनाभरानं त्याचा विश्वास उडाला असता.

तोवर संडासाची सोय हवीच. प्लॅस्टिकच्या खुर्चीला मधोमध भोक पाडायची पद्धत गावात दिसते. ती करू नये. बैठक कापली की चारही पाय फाकतात आणि माणूस खुर्चीसकट घसरतो. वेल्डिंगवाल्याकडून चौकोनी नळीची चौकट करून घेतली: उंची ४५ सेंमी, दोन्ही बाजूंना हात टेकायला दांडे, चारही पायांना रबरी बूट.

१० ऑक्टोबर

व्यायामाचा कागद फसला. ९ व्यायाम, प्रत्येक १० वेळा, दिवसातून ३ दा. हिशोब केला तर प्रामाणिक माणसाला रोज सव्वा ते दीड तास लागतो. सोंगणीवरून येऊन स्वयंपाक करणाऱ्या बाईकडे तो नाही. तिनं कागद देवाच्या फळीवर ठेवला होता. जपून ठेवला, चांगली गोष्ट. पण केला काही नाही.

नवा कागद: जास्तीत जास्त ३ व्यायाम, आणि प्रत्येक व्यायाम घरातल्या एका ठरलेल्या कामाला बांधलेला. पहिला चहा ठेवल्यावर, दुसरा अंघोळीचं पाणी तापेपर्यंत, तिसरा झोपायच्या आधी बाजेवर. कोणतं काम निवडायचं ते रुग्णानं सांगायचं. क्र. ९ ने 'मालिका लागते तेव्हा' सांगितलं, तेही चालतं.

मोजणीची अडचण निराळी. बऱ्याच जणांचा आकडा पाच-सहावर हरवतो, बोलणं सुरू झालं की पुन्हा एकपासून. दोन वाट्या आणि तुरीचे १० दाणे दिले. एकदा केलं की एक दाणा या वाटीतून त्या वाटीत. लिहिता न येणाऱ्या आजीलाही जमतं आणि नातवंडांना खेळ होतो.

दुसरी चूक: '५ सेकंद धरून ठेवा' याचे घरी २ सेकंद होतात, कारण मनातल्या मनात माणूस भराभर मोजतो. मोठ्यानं, सावकाश मोजायला सांगितलं. त्याचा आणखी एक फायदा असा की बोलताना श्वास कोंडता येत नाही. स्नायू आवळून श्वास रोखला की रक्तदाब चढतो, आणि या यादीत रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे बरेच आहेत.

१७ ऑक्टोबर

दुखण्याची पट्टी. शून्य ते दहा विचारलं की लोक थेरपिस्टच्या चेहऱ्याकडं पाहून आकडा सांगतात. एका बाबांनी स्वतःच म्हटलं, "आज आठ आन्याचं हाय, काल बारा आने व्हतं." तेव्हापासून पट्टी आण्यांत: काहीच नाही ते सोळा आणे. साठीच्या पुढच्यांना ही लगेच कळते. पोरांना शून्य ते दहाच बरं. कुठलीही वापरा, एका माणसाला शेवटपर्यंत एकच. दोन माणसांचे आणे एकमेकांशी ताडून पाहण्यात अर्थ नाही, त्याचे कालचे आणि आजचे पाहायचे.

नियम सगळ्यांच्या कागदावर वर लिहिला: व्यायाम करताना सहा आण्यांपर्यंत दुखणं चालेल, दुसऱ्या दिवशी सकाळी ते मूळ जागी आलं पाहिजे. नाही आलं तर दाणे निम्मे करायचे, व्यायाम बंद करायचा नाही. सूज चढली, गरम लागलं, तर दोन दिवस थांबून आशाताईला सांगायचं. हे लिहून दिल्याचा मोठा उपयोग असा की कमी करण्याचा निर्णय रुग्ण स्वतः घेतो. नाही तर लोकांना दोनच गोष्टी माहीत: दात-ओठ खाऊन करणे किंवा सोडून देणे.

क्र. ४ चा गुडघा ६२. मोजताना गोनिओमीटरचा मध्य गुडघ्याच्या बाहेरच्या हाडावर, एक दांडा खुब्याच्या टेकाडाच्या दिशेनं, दुसरा घोट्याच्या बाहेरच्या हाडाकडं. हातानं मोजण्यात ५ अंशांची चूक सहज होते, म्हणून ५ पेक्षा कमी फरकावर ना खुशी ना चिंता. घरच्या मापासाठी वीत सांगितली: पाय लांब करून बसायचं, टाच जेवढी ओढता येईल तेवढी ओढायची आणि टाच ते बूड किती वीत ते पाहायचं. आज अडीच वीत. '६२ अंश' पेक्षा 'अडीच वीत' त्याला जास्त कळलं.

टाच ओढायला सारवलेली जमीन बोचते. युरियाच्या रिकाम्या पोत्यावर पायमोजा घालून टाच सरकवली की छान घसरते. बाजेच्या कडेला पाय लोंबकळत सोडायचा व्यायाम मात्र बाजेवर होत नाही, कारण बाज ठेंगणी आणि पाय जमिनीला टेकतो. छपरीच्या (पडवीच्या) ओट्यावर बसवलं, तिथं पाय अधांतरी राहतो.

३१ ऑक्टोबर

क्र. ४: ६४ अंश. दोन आठवड्यांत २, म्हणजे काहीच नाही. गुडघ्याच्या वाटीच्या मध्यावरून टेपनं मोजलं तर चांगल्या गुडघ्यापेक्षा घेर २ सेंमी जास्त, हात लावला तर कोमट. "व्यायाम करता ना?" तर "करतो न जी." मग त्याच्या बायकोला विचारलं, तेव्हा कळलं की चुलतभाऊ रोज संध्याकाळी मांडीवर बसून गुडघा दाबून वाकवतो. हेतू चांगलाच. पण जोरानं वाकवला की सांधा सुजतो, सुजला की मांडीचा स्नायू आपोआप ढिला पडतो, आणि रुग्ण दुखण्याच्या भीतीनं पाय आणखी ताठ धरतो. दिवसभर केलेलं असं संध्याकाळी पुसलं जातं.

भावाला हाकललं नाही. त्याला दुसरं काम दिलं: पाय सरळ उचलताना गुडघा पुरता सरळ राहतो का ते पाहायचं आणि वाट्यांतले दाणे मोजायचे. तीन दिवस वाकवणं बंद, फक्त मांडी आवळणं, पाय उशीवर उंच, ओल्या फडक्यातला गार शेक १० ते १५ मिनिटं. मग पुन्हा पोत्यावर टाच ओढणं, सहा आण्यांच्या आत.

मोडलेल्या पायावर भार किती द्यायचा हे डिस्चार्ज कार्डावर 'आधारानं थोडा' एवढंच होतं. थोडा म्हणजे किती हे थेरपिस्टनं ठरवायचं नाही, शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांकडून आकड्यांत घ्यायचं. क्र. ४ गेल्या आठवड्यात एक्स-रे दाखवून आला, निम्मा भार मंजूर. वजन ५२ किलो, म्हणजे २६. मोडलेला पाय वजनकाट्यावर, चांगला पाय तेवढ्याच उंचीच्या फळीवर. फळी नसली तर माणूस एका बाजूला कलतो आणि आकडा खोटा येतो. न पाहता भार द्यायला सांगितलं तर काटा ३८ दाखवत होता. काट्याकडं पाहत २० वेळा, मग समोर पाहून ५ वेळा. शेवटी २४ ते २८ च्या दरम्यान आला.

तालुक्याला तपासणीला न जाण्याचं कारण तिकीट असावं असं धरलं होतं. ते तसं नाही. मार्च २०२३ पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे, ७५ च्या पुढच्यांना त्याआधीपासून प्रवास मोफत. पण तिकीट अर्धं झालं तरी रोजी पूर्ण बुडते, आणि सोबत जाणाऱ्याचीही बुडते. म्हणून तपासणीच्या तारखा आता बाजाराच्या दिवसाला जोडायच्या.

२ नोव्हेंबर

कोपराचा पोरगा (क्र. १३, वय ११). सांधा निसटून बसवलेला, प्लॅस्टर निघालेलं. घरी रोज तेल लावून जोरानं मालिश आणि ओढून सरळ करणं चाललं होतं. आशाताईनं कळवलं की कोपर पुढून टणक लागतो, गरम आहे, आणि मागच्या आठवड्यापेक्षा कमी वाकतो. कोपराच्या दुखापतीनंतर चोळण्यानं आणि जबरीनं ओढण्यानं स्नायूत हाड धरू शकतं, आणि एकदा ते धरलं की हालचाल कायमची अडू शकते. चोळणं-ओढणं त्याच दिवशी बंद, एक्स-रेसाठी डॉक्टरांकडं. पोरानं स्वतःच्या ताकदीनं जेवढं वाकेल तेवढंच वाकवायचं: घास तोंडाशी, हात कानाशी.

मालिश करणारे बाबा गावात मान असलेले. त्यांच्याविरुद्ध बोललं तर लोक मालिश थांबवत नाहीत, फक्त आपल्याला सांगायचं थांबवतात. त्यांच्याशी बसून बोललं, ठरलं ते असं: कंबर, पाठ, जुनी दुखणी त्यांची, मोडलेलं-निसटलेलं हाड सहा महिन्यांपर्यंत नाही, कोपर कधीच नाही, आणि सुजलेली पोटरी तर अजिबात नाही. पोटरीचं कारण त्यांना नीट सांगितलं. पाय मोडल्यावर किंवा शस्त्रक्रियेनंतर एकाच पोटरीला सूज, गरमपणा, ठणका आला तर आत रक्ताची गाठ असू शकते. चोळल्यानं ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. अशा माणसाला त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं, आणि सोबत दम लागत असेल तर तासाचाही उशीर नाही.

६ नोव्हेंबर

दिवाळीत बाया माहेरी जाणार. त्यांच्या कागदावर ३ ऐवजी १ व्यायाम, वाटी-दाणे पिशवीत. एवढंच.

१४ नोव्हेंबर

कापसाची वेचणी जोरात. क्र. ७ चा खांदा. मागच्या वेळी 'वेचणी बंद ठेवा' असं सांगितलं होतं, ती "हो" म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी वावरात होती. "हो म्हटलं की लवकर सोडता तुमी," हे तिनंच सांगितलं. वेचणीची मजुरी किलोवर आहे, हंगाम दोन-अडीच महिन्यांचा. बंद ठेवायला सांगणं म्हणजे न ऐकण्याची सोय करून देणं. शिवाय खांद्याला वेचणीचा त्रास कमी आहे, हात कंबर ते छातीच्या उंचीतच फिरतो. त्रास ओटीचा (वेचलेला कापूस टाकायची झोळी) आणि गाठोड्याचा. वावरात जाऊन पाहिल्यावर हे दिसलं, खोलीत बसून दिसलं नसतं. ती ओटीची गाठ दुखऱ्या खांद्यावरून बांधत होती आणि पुरती भरेपर्यंत धुऱ्यावर (बांधावर) रिकामी करत नव्हती. ठरलं ते असं: ओटी कंबरेला बांधायची, निम्मी भरली की रिकामी करायची, गाठोडं दुसऱ्या बाईनं चढवून द्यायचं किंवा बंडीत टाकायचं. तीनही गोष्टी तिनं मान्य केल्या, कारण त्यातल्या दोन तिनंच सुचवल्या.

आखडलेल्या खांद्यात सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त जाते ती हात बाहेरच्या बाजूला फिरवण्याची हालचाल. कोपर अंगाला लावून, दोन्ही हातांत काठी धरून, चांगल्या हातानं दुखरा हात बाहेर ढकलायचा. कोपर अंगापासून सुटला की व्यायाम भलत्याच ठिकाणी होतो, म्हणून काखेत घडी केलेला टॉवेल. तो खाली पडला तर चुकलं. तिला रात्री कुशीवर झोपता येत नाही, म्हणजे दुखण्याचा टप्पा अजून सरलेला नाही. या टप्प्यात ओढाओढ केली तर दुखणं लांबतं. सध्या काठी, आणि वाकून हात सैल सोडून लंबकासारखा झुलवणं, तेही हातात वजन न घेता. मधुमेह असलेल्यांत हा आजार जास्त होतो आणि चिवट असतो, वर्ष-दोन वर्षंही चालू शकतो. साखर आटोक्यात आणायला उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांकडं नाव दिलं. शेक मिठाच्या पुरचुंडीचा, १५ मिनिटं, आधी चांगल्या हाताच्या मनगटावर लावून पाहून. पायांना बधिरपणा असलेल्यांनी पायाला शेक घ्यायचाच नाही, भाजलेलं कळत नाही. बिब्बाही लावायचा नाही, फोड येऊन जखम होते आणि मधुमेहात ती भरत नाही.

क्र. ८ चा खांदा पुढच्या टप्प्यात, दुखणं कमी आणि आखडणं जास्त. त्याला गिरकी (कप्पी): विहिरीची जुनी लोखंडी गिरकी दाराच्या वरच्या नाटेला (आडव्या लाकडाला), दोरी सुती. नायलॉनची दोरी हाताला कापते आणि हिसका बसतो. दाराकडं पाठ करून बसायचं, चांगल्या हातानं खाली ओढून दुखरा वर न्यायचा, ५ मिनिटं, दोनदा. खांदा कानाकडं चढला की हात वर गेल्याचा भास होतो. समोर आरसा टांगला, तेव्हा त्याला स्वतःलाच ते दिसलं.

भिंतीवर बोटं चढवायच्या व्यायामात बोटं पोचतील तिथं कोळशाची रेघ आणि शेजारी तारीख. पायाचे अंगठे कुठं ठेवायचे तिथं जमिनीवर वीट पुरली. नाही तर माणूस भिंतीला चिकटत जातो आणि रेघ उगाच वर सरकते.

२८ नोव्हेंबर

क्र. ११, अर्धांगवायू. आधी रक्तदाब, आपला नियम १८०/११० च्या वर असेल तर व्यायाम नाही, प्राथमिक आरोग्य केंद्र.

सून जीव लावून करते, आणि अडचण तिथंच आहे. ती सासूला दुबळ्या हाताला धरून ओढून उठवते. त्या बाजूचे स्नायू ढिले असतात, खांद्याचं हाड खोबणीतून उतरतं आणि पुढं महिनोन्महिने खांदा दुखतो. हात कधीच ओढायचा नाही. दुबळ्या बाजूला उभं राहायचं, कंबरेला पक्का बांधलेला दुपट्टा धरायचा. बसल्यावर दुबळा हात मांडीवरच्या उशीवर.

उठण्याचा सराव: बाजेच्या पायांखाली दोन-दोन विटा. विटेची जाडी साधारण ७ ते ८ सेंमी, त्यामुळं दोन विटांनी बैठक १५ सेंमी वर येते आणि उठणं सोपं होतं. टाचा गुडघ्यांच्या मागं, हात पुढं, नाक पायाच्या बोटांच्या पुढं येईपर्यंत वाकायचं, मग उठायचं. बहुतेक जण ताठ बसून उठू पाहतात आणि मागं पडतात. ५ वेळा, दिवसातून ४ दा. सलग तीन दिवस न धरता झालं की एक वीट काढायची. विटा सिमेंटच्या जमिनीवर सरकतात, खाली पोतं हवं.

सुनेशी एक करार: सासू कामाला लागली की मनातल्या मनात १० मोजायचे, तोवर हात लावायचा नाही. सुनेला हे सासूच्या व्यायामाहून जड गेलं. घास भरवणं, बटण लावणं, ग्लास देणं, या मायेनं दिवसातले पन्नासेक सराव हिरावले जातात. दुबळ्या हाताला कामं घरचीच दिली: ताटात तुरीचे दाणे बाजूला सारणं, लसणाची पाकळी धरून ठेवणं (सोलायचं दुसऱ्या हातानं), फडकं घडी करणं.

सासू दुपारी रडते, खात नाही. घरच्यांनी 'आळस' म्हटलं. अर्धांगवायूनंतर उदासी येणं नेहमीचं आहे आणि त्यावर औषध असतं. डॉक्टरांना सांगायच्या यादीत लिहिलं.

१२ डिसेंबर

काठ्या तपासल्या. ९ पैकी ६ उंच, कारण त्या घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी होत्या. चपला घालून सरळ उभं राहायचं, हात सोडायचा, मनगटाची घडी जिथं येते तिथं मूठ. काठी दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात. यावर प्रत्येक घरी वाद होतो, आणि दोन्ही हातांत धरून चालून पाहिल्यावर मिटतो. कुबडी काखेपासून दोन-तीन बोटं खाली, भार तळहातावर. काखेवर भार दिला तर नस दबून मनगट लुळं पडू शकतं. वेळूच्या काठीला खाली रबर हवंच, सारवलेल्या ओल्या जमिनीवर ती घसरते. सायकलच्या ट्यूबचा तुकडा तारेनं बांधला तर आठवड्यात तार बाहेर येते आणि उलट जास्त घसरते. बाजारातला रबरी बूट घ्यावा. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी.

२६ डिसेंबर

रोजचा व्यायाम घरी नोंदायच्या वह्या पाहिल्या. तीन वह्यांत सगळे रकाने भरलेले: एकच पेन, एकच दाब, ओळीनं बरोबर चिन्हं. एका बैठकीत भरल्या आहेत, बहुधा सकाळीच. मांडीचा घेर (गुडघ्याच्या वाटीच्या वर १० सेंमीवर) ऑक्टोबरइतकाच, म्हणजे स्नायू भरलेला नाही.

यावर रागावणं सोपं. पण रकान्यात फक्त 'केला' असं विचारलं होतं, आणि मान देणारा माणूस पाहुण्याला 'नाही' म्हणत नाही. चूक वहीची आहे. नव्या वहीत 'केला' हा रकाना काढून टाकला. फक्त न जमलेल्या दिवशी खूण करायची, आणि कारणाची चित्रं पाच: विळा (काम), लाल ठिपका (दुखलं), ताट (पाहुणे, सण), प्रश्नचिन्ह (कसा करायचा विसरलो), आडवा माणूस (कंटाळा). 'केला का?' हा प्रश्न थेरपिस्टनंही सोडला. त्याऐवजी: "दाखवा बरं." आणि "कुठं बसून करता?" न करणाऱ्याला जागा सांगता येत नाही. करणाऱ्याची तर कोणती वीट हलते हेही पाठ असतं.

दाखवा म्हटल्यावर निघालं ते असं. क्र. २ पाय सरळ उचलते, पण गुडघा किंचित वाकवून, म्हणजे मांडीला काम नाही. क्र. ५ कंबरेचा व्यायाम खोल बाजेच्या झोळात करतो. क्र. १० ने 'टाच ओढा' म्हणजे 'टाच चोळा' समजून तीन आठवडे टाच चोळली आहे. तिच्या वहीत एकही खाडा नव्हता, आणि तिच्या बाजूनं ती खरीच होती.

९ जानेवारी

प्रश्नचिन्हं ११, विळे ८, लाल ठिपके ५, ताटं ४, आडवा माणूस १. इतके दिवस आपण 'लोकांना कंटाळा आहे' असं धरून समजावत होतो. प्रश्नचिन्हांवर उपाय साधा आहे: त्यांच्याच फोनवर, त्यांच्याच छपरीत, त्यांचाच २० सेकंदांचा व्हिडिओ. दुसऱ्याचा तयार व्हिडिओ पाहून लोक त्यातल्या पोरीच्या कपड्यांवर बोलतात.

थंडी कडक, सकाळी सांधे धरतात. सकाळचा व्यायाम अकराच्या उन्हात, अंगणात.

२३ जानेवारी

गुडघ्याच्या बायांना वजन. जुन्या जीन्सचा पाय कापून दोन कप्प्यांची पट्टी, प्रत्येक कप्प्यात अर्धा किलो वाळू, किराणा दुकानात तोलून. वाळू उन्हात वाळवलेली हवी; ओली भरली तर वाळल्यावर वजन घटतं आणि बाईला वाटतं ताकद आली. आधी एक कप्पा, १० दाणे सहज झाले की दुसरा.

क्र. ७ ला कुशीवर झोप लागते. आता गिरकी द्यायला हरकत नाही.

कंबरेच्या क्र. ५ ला फवारणीचा पंप परत पाठीवर घ्यायचाय. १६ लिटरचा पंप भरला की पंपासकट वीस किलोच्या आसपास. सुरुवात ८ लिटरनं, पंप ओट्यावर ठेवून पाठ लावून पट्टे घालायचे, जमिनीवरून हिसका देऊन उचलायचा नाही. त्याला आणि घरच्यांना धोक्याच्या खुणा पुन्हा सांगितल्या: लघवी अडणं किंवा नकळत होणं, बसायच्या जागी बधिरपणा, पाय लुळा पडत जाणं. यातलं काहीही दिसलं तर व्यायाम नाही, थेट मोठा दवाखाना, रात्र असली तरी.

६ फेब्रुवारी

क्र. ४: १०८ अंश, टाच-बूड दीड वीत. पूर्ण भाराची डॉक्टरांची परवानगी मागच्या बाजारच्या दिवशी मिळाली. बंडीवर चढला. चढताना चांगला पाय चाकावर, बरोबर. उतरताना मात्र उडी मारली. आठवडाभर उतरण्याचाच सराव, बैल न जुंपता, भावानं बंडीचं जू धरून. उकिडवं बसण्याचं अजून लांब आहे, हे त्यालाही माहीत आहे. लोखंडी चौकट राहू द्यायची.

क्र. ११ एका विटेवरून न धरता उठते, ५ पैकी ४ वेळा. सून आता १० मोजते, कधी कधी सातवरच हात पुढं करते.

क्र. १३ चा कोपर थंड आहे, घास तोंडाशी जातो. ओढणं अजूनही बंदच.

क्र. ८ ची रेघ दाराच्या चौकटीपर्यंत पोचली. गिरकी कुरकुरते, तेल घालायचं आहे, आणि क्र. ७ साठी दुसरी शोधायची आहे. पुढची भेट २० फेब्रुवारी, संध्याकाळी ६.